सुरत्याचं नाव रजिस्टरात नव्हतं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, नमाजाला ज्यांच्या खांद्याला खांदा लावून वर्षानुवर्षं उभा राहिलो त्यांनाही नाही. सांगायची वेळ आली नाही, असं मात्र नाही. वेळ आली — पुष्कळदा आली — आणि दर वेळी मी दुसरंच काहीतरी बोललो. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून तुमच्याशी बोलणं सोपं जातंय का? असेल. आणि सोपं तरी कुठे जातंय? सकाळपासून तीन कागद फाडले.

मी कंपौंडर होतो. घर नगर शहरात, वडील कपडे शिवत. घरात दखनी बोलायचो, पण शाळा मराठी, त्यामुळे लिहायचं झालं तर मला मराठीच येतं. अक्षर चांगलं होतं. या अक्षराचं मला फार कौतुक होतं, आणि ते इथे मुद्दाम लिहितोय, कारण पुढे जे झालं त्यात या कौतुकाचा हात आहे.

लढाईची वर्षं होती. मला जिल्ह्याच्या पूर्वेला, पाथर्डीच्या अंगाला, लोकल बोर्डाच्या एका दवाखान्यात नेमलं. गावाचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं चांगली होती, त्यांच्या गावाला माझ्यामुळे नाव नको. कोरडा मुलूख, लांब लांब वस्त्या, आणि दोन-तीन कोसांवर निजामाची हद्द — लोक तिला मोगलाईच म्हणत. दवाखान्यात एक डॉक्टर, मी आणि एक शिपाई. बाहेर ओटा, आत औषधांची खोली, आणि तिच्या मागे दोन खाटांची एक अंधारी खोली. त्याच्याही मागे मला राहायला दिलेल्या दोन खोल्या. माझं नुकतंच लग्न झालं होतं. खतिजा तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांची असेल.

तिथे गेल्यावर वर्षभरात मामलेदार कचेरीत एक बैठक झाली. डॉक्टरसाहेबांनी मला सोबत नेलं. पोस्टमास्तर होते, शाळेचे हेडमास्तर होते, जंगल खात्याचा माणूस होता. फौजदार बोलायला उभे राहिले. ते म्हणाले, "दर खात्याला काही ना काही ठाऊक असतं, आणि ते त्या खात्यातच पडून राहतं. दवाखान्याला ठाऊक असतं ते आम्हाला कळत नाही, आम्हाला कळतं ते दवाखान्याला कळत नाही. हे एकमेकांना वेळेवर सांगितलं तर निम्मं नुकसान टळेल." मला ते पटलं. खरं सांगायचं तर अजूनही पटतं. त्याच साली एका वस्तीवर पटकीचा पहिला रोगी दगावला, त्याची खबर पोलीस ठाण्याकडून आम्हाला दुसऱ्या दिवशी मिळाली. आम्ही विहिरीत औषध टाकून आलो आणि रोग तिथंच थांबला. पूर्वी अशी खबर यायला आठवडा लागायचा, तोवर वस्ती अर्धी झालेली असायची. व्यवस्था वाईट नव्हती. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही दोष तिला द्याल.

आमच्याकडून ठाण्याला जायच्या त्या पिवळ्या कागदावरच्या चिठ्ठ्या. मारहाणीची जखम घेऊन कोणी आला तर चिठ्ठी. विषाचा प्रकार वाटला तर चिठ्ठी. आणि नोंदलेल्या जमातीचा माणूस परगावाहून औषधाला आला तर — चिठ्ठी, त्याच दिवशी, डॉक्टरांच्या सहीने.

नोंदलेली जमात म्हणजे काय, ते आज सांगावं लागेल. काही जमातींना सरकारने जन्मतःच गुन्हेगार ठरवलं होतं. आमच्या भागात पारधी त्यात होते. मोठ्या माणसाने रोज पोलीस पाटलापुढे हजेरी द्यायची. गावाची शीव ओलांडायची तर पाटलाकडून पास घ्यायचा. पास नसताना दुसऱ्या गावी सापडला की आत. मग तो तिथे का आला होता, हे कोणी विचारत नसे.

चिठ्ठ्यांचं काम डॉक्टरसाहेबांनी माझ्यावर सोपवलं. मी ते मन लावून केलं. ठाण्याचे जमादार एकदा म्हणाले, "सगळ्या तालुक्यात तुमच्याच दवाखान्याच्या चिठ्ठ्या वेळेवर येतात, अन् वाचताही येतात." पुढे वरून तशा अर्थाचं एक पत्रही आलं. त्यात माझं नाव नव्हतं, तरी ते मी खतिजाला दोनदा वाचून दाखवलं.

आता सुरत्याबद्दल सांगतो. सांगायलाच बसलोय, आणि किती वेळ चिठ्ठ्यांबद्दलच बोलत राहिलो, पाहिलंत?

डॉक्टरसाहेब मुलीचं लग्न ठरवायला पुण्याला गेले होते. शिपायालाही सामानासाठी सोबत नेलं. मला म्हणाले, "गनी, चार दिवस सांभाळ. अवघड वाटलं तर रोग्याला सरळ नगरला पाठव." दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावरची माणसं पांगल्यावर एक बाई गाय हाकत आली. गाईच्या पाठीवर एक माणूस पालथा, दोरीने बांधलेला. मला आधी वाटलं, मेलेलाच आहे.

"फुरसं चावलंय," ती म्हणाली. "काल दुपारी. चार कोसावरून आलेय, साहेब."

माणूस तिशीचा असेल. डावा पाय गुडघ्यापर्यंत सुजून काळानिळा झालेला, हिरड्यांतून रक्त येत होतं. मी आणि त्या बाईने मिळून त्याला आतल्या खाटेवर घेतलं. जखम कापून धुतली, पोटॅशचे लाल खडे घातले, पट्टी बांधली. एवढंच येत होतं. नगरला पाठवायचं तर गाडी नव्हती, आणि गाईवरून तो वाटेतच गेला असता.

मग मी रजिस्टर उघडलं आणि नाव विचारलं. बाईने खाटेकडे पाहिलं. खाटेवरचा माणूस डोळे उघडून माझ्याकडे बघू लागला.

"पास न्हाई, साहेब," ती हळू बोलली. "पाटील लगीनघरी गेल्ता. त्यो येईस्तोवर थांबले आस्ते तर ह्यो ऱ्हायला नसता."

नाव लिहिलं की चिठ्ठी आली. चिठ्ठी आली की जमादार आले. जमादार आले की दवाखान्यात डॉक्टर नाही हे त्यांना दिसलं. आणि या माणसाला त्या पायासकट उचलून नेलं असतं. हे सगळं मी दोन क्षणांत मनात मांडलं, आणि रजिस्टर मिटलं. "घाबरू नकोस. तुझं नाव लिहीत नाही," मी म्हणालो.

बाईने — शेवंता तिचं नाव — माझ्या पायाला हात लावला. मला बरं वाटलं. लपवत नाही, मला फार बरं वाटलं. आपण दयाळू आहोत असं मी त्या दिवसभर घोकत होतो.

सुरत्या चार दिवस आतल्या खोलीत होता. खोलीत दुसरा रोगी नव्हता. खतिजा दोन्ही वेळा ज्वारीची पेज करून द्यायची आणि एक जुनी गोधडीही तिने दिली. पहिले दोन दिवस त्याला कूस बदलता येत नव्हती. तिसऱ्या दिवशी रक्त थांबलं आणि तो बोलायला लागला. कमी बोलायचा. तितर कसे धरतात ते त्याने मला सांगितलं, आणि खतिजाला पेजेत मीठ कमी घाल म्हणाला, तेव्हा ती दाराआड हसली होती. चौथ्या दिवशी शेवंताने त्याला पुन्हा गाईवर घातलं. पाय टेकवत नव्हता तो. जाताना म्हणाला, "साहेब, तुमी लिवलं न्हाई म्हून वाचलो." संध्याकाळी डॉक्टरसाहेब परत आले. मी त्यांना काही बोललो नाही.

त्याच चार दिवसांतल्या दुसऱ्या दिवशी घोडेगावच्या बाजारातून खोंडांची जोडी घेऊन निघालेल्या एका व्यापाऱ्याला वाटेत कोणीतरी काठ्यांनी मारलं होतं. त्याचा हात मोडला आणि खोंडं गेली. जागा सुरत्याच्या गावापासून जवळ. पोलीस पाटलाने हजेरीचं पुस्तक काढलं, त्यात सुरत्या चार दिवस गैरहजर. आधी एकदा त्याला शिक्षा झालेली होती, जंगलात लाकूड तोडलं म्हणून. मग आणखी काय हवं होतं? पंधरवड्यात त्याला धरलं.

त्याने सांगितलं, मी दवाखान्यात होतो. आणि फौजदारांनी — हे लक्षात घ्या — ते नुसतं झटकून टाकलं नाही. त्यांनी आम्हाला रीतसर पत्र लिहिलं. सदर इसम अमुक तारखांना आपल्या दवाखान्यात होता किंवा कसे, ते कळवावे. बैठकीत ते जे बोलले होते तेच त्यांनी केलं. एका खात्याने दुसऱ्या खात्याला विचारलं.

डॉक्टरसाहेबांनी रजिस्टर चाळलं. नाव नव्हतं. त्यांनी चष्मा काढून मला विचारलं, "मी नव्हतो तेव्हाचं आहे हे. गनी, असा कोणी आला होता का?"

त्यांचा आवाज साधा होता. हातात टाक तयार होता. मी जे सांगितलं असतं ते त्यांनी लिहिलं असतं.

मी म्हणालो, "नाही, साहेब."

बरीच वर्षं मी स्वतःला असं सांगत आलो की, मी डॉक्टरसाहेबांना वाचवलं. ते न विचारता पुण्याला गेले होते, निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती, खरं बाहेर आलं असतं तर त्यांची पेन्शन अडकली असती. ऐकायला किती बरं वाटतं, नाही? पण ते खोटं आहे. डॉक्टरसाहेब रजेचा अर्ज टाकून गेले होते. रजा मंजूर झाल्याचा कागद टपालाने त्या पत्राच्या आधी तीन दिवस आला होता, आणि तो फायलीत मीच लावला होता. मला ठाऊक होतं. 'नाही, साहेब' म्हणताना मला ते पुरतं ठाऊक होतं.

मग कशाला घाबरलो मी? रोगी ठेवून घेतला आणि नोंद केली नाही, चिठ्ठी पाठवली नाही, याची विचारणा झाली असती. ताकीद मिळाली असती. फार तर बदली. ज्याच्या चिठ्ठ्या तालुक्यात सगळ्यांत चांगल्या, त्याने एक चिठ्ठी दडवली, असं जमादार म्हणाले असते. एवढंच. मी पुष्कळ उकरून पाहिलं, याच्याखाली आणखी काही नाही.

त्याच आठवड्यात पाणी भरायला येणाऱ्या बाईकडून खतिजाला कळलं की त्या पारध्याला धरलंय. ती तशीच ओल्या हातांनी माझ्याकडे आली. "तुम लिखे ना? वो इधरच था करके?" तिने विचारलं. मी म्हणालो, लिहिलं. सगळं लिहून कळवलं. ती निर्धास्त झाली. तिला दिवस गेले होते. महिन्याभराने ती बाळंतपणाला नगरला गेली. खटल्याच्या वेळी ती गावात असती तर? ती पडद्यातली बाई, तरी ती जाऊन फौजदारांना सांगून आली असती, इतकं तिला मी ओळखत होतो. म्हणून तर तिला लवकर पाठवलं.

खटल्याच्या आधी शेवंता आली. सकाळपासून ओट्याच्या खाली उन्हात बसून होती. माणसं संपल्यावर पुढे आली. नेमके जमादार त्या वेळी काही कामासाठी डॉक्टरसाहेबांशी बोलत उभे होते.

"साहेब, तुमी सांगा की ह्येंला," ती म्हणाली. "चार दिस आमी हितंच हुतो. तुमीच पट्टी बांधली. तुमच्या बाईनं पेज दिली."

जमादारांनी माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरसाहेबांनीही पाहिलं.

"इथे रोज पन्नास माणसं येतात, बाई," मी म्हणालो. "मला आठवत नाही."

तिने आतल्या खोलीकडे बोट केलं. "त्या डाव्या अंगाच्या खाटंवर," ती म्हणाली. "भित्तीला खिळा हाय. त्येला माझी पिशवी आडकवली हुती."

खिळा होता. जमादार आत जाऊन बघून आले. "खिळा तर हाय," ते म्हणाले, आणि मग हसले. "न्हाईतरी असल्या लोकांचं समदीकडं बारीक ध्यान असतंय." डॉक्टरसाहेब हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि मग औषधाच्या खोलीत निघून गेले. नंतर त्यांनी मला याविषयी कधीही विचारलं नाही. त्यांना संशय आला होता, असं मला वाटतं. पण ते विचारत नव्हते तोवर मला बोलावं लागत नव्हतं, आणि मी बोलत नव्हतो तोवर त्यांना काही करावं लागत नव्हतं. दोन वर्षं आम्ही दोघं त्याच दवाखान्यात तसेच वागलो.

कोर्टात मला रजिस्टर घेऊन बोलावलं. खुदाला हाजिर मानून खरं सांगेन, असं म्हणालो. रजिस्टरात हे नाव नाही, असं सांगितलं. ते खरंच होतं. तेवढ्यावर सुटलो असं वाटलं, पण मॅजिस्ट्रेट चौकस होते. त्यांनी विचारलं, "नाव नाही ते ठीक. तुम्ही स्वतः या माणसाला दवाखान्यात पाहिलं होतं का?"

सुरत्या समोर उभा होता. डावा पाय अजून नीट टेकत नव्हता. सरकारी वकील म्हणत होते की पळताना पाय मुरगळलाय.

"मला आठवत नाही," मी म्हणालो.

मॅजिस्ट्रेटनी सुरत्याला विचारलं, यावर तुझं काय म्हणणं आहे. मला वाटलं, आता हा ओरडेल, शिव्या देईल. मी खाली रजिस्टरच्या पुठ्ठ्याकडे बघत होतो.

"साहेब इसरले आसतील," सुरत्या म्हणाला. "लई मानसं येत्यात त्येंच्याकडं. त्येंनी माझा जीव वाचिवलाय. त्ये खोटं कशाला बोलतील?"

हे वाक्य मी कितीतरी वेळा लिहून काढलंय आणि फाडलंय. त्याला खरंच तसं वाटत होतं का? की तो मला सोडवत होता? की मी शेवटच्या क्षणी तरी बोलावं म्हणून वाट मोकळी करून देत होता? मला माहीत नाही. मी मान वर केली असती तर त्याच्या चेहऱ्यावरून कळलं असतं. मी केली नाही.

नोंदलेल्या जमातीचा आणि आधी एकदा शिक्षा झालेला, म्हणून शिक्षा वाढवून त्याला सात वर्षं झाली.

खतिजा मुलीला घेऊन परत आली. तिने विचारलं, मी सांगितलं — मी लिहून कळवलं, कोर्टात जाऊन सांगितलंसुद्धा, पण कोणी मानलं नाही. आता हे खोटं बोलायची काही गरज तरी होती का? 'शिक्षा झाली' एवढं म्हणून थांबता आलं असतं. पण मी कोर्टातलं सगळं वर्णन केलं. मॅजिस्ट्रेट काय म्हणाले, मी काय उत्तर दिलं. तिने पोलिसांना शाप दिले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून बसून राहिली.

आठ-नऊ महिन्यांनी खोंडं सापडली. मोगलाईतल्या एका बाजारात, शिंगांवरच्या खुणेवरून ओळखली. ज्याच्याकडे सापडली तो दलाल होता, त्याने दोन माणसांची नावं सांगितली, आणि त्यांचा सुरत्याशी काही संबंध निघाला नाही. तोवर आमच्या ठाण्याला नवे फौजदार आले होते. तरुण होते. जुनी कागदपत्रं त्यांनी स्वतः वाचली आणि ते एका दुपारी एकटेच दवाखान्यात आले. डॉक्टरसाहेब फिरतीवर होते.

ते माझ्या टेबलासमोर बसले आणि म्हणाले, "तो माणूस पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट सांगतोय. त्याच्या बायकोने भिंतीतला खिळासुद्धा सांगितला. मी वर लिहिणार आहे. पण ती दोन माणसं हद्दीपलीकडे आहेत, हाती लागतील तेव्हा लागतील. त्यांच्याशिवाय माझ्या लिहिण्याला वजन नाही. दवाखान्याची एक ओळ मिळाली तर वजन येईल."

मी टेबलावरच्या चिठ्ठ्यांच्या कडा जुळवत राहिलो.

"तुमच्याकडून नोंद राहून गेली असेल," ते म्हणाले. "होतं तसं. आता आठवलं, असं लिहा. तुम्हाला त्रास होणार नाही एवढं मी बघतो."

याहून अधिक कोणी काय द्यायचं? माणसाने दार उघडून धरलं होतं. पण आता ती नुसती राहून गेलेली नोंद नव्हती. आता मी खुदाला हाजिर मानून बोललो होतो. डॉक्टरसाहेबांशी खोटं, कोर्टात खोटं, घरात खोटं. ती एक ओळ लिहिली की हे सगळंच उघडं पडलं असतं. आणि खतिजा? तिला काय सांगितलं असतं मी?

"रजिस्टरात असतं तर आम्ही तेव्हाच कळवलं असतं," मी म्हणालो. "आमच्या चिठ्ठ्या वेळेवर जातात."

त्यांनी पाणी मागितलं. मी दिलं. ते प्यायले आणि गेले. त्यांनी वर लिहिलं, असं मला जमादारांकडून कळलं. त्याचं पुढे काही झालं नाही.

सुरत्या तुरुंगात दुसऱ्या वर्षी वारला. छातीचा आजार म्हणाले. मला ते कसं कळलं, सांगू? नोंदलेल्या इसमांची एक यादी दवाखान्यात असायची, ठाण्याकडून दर काही महिन्यांनी तिची दुरुस्ती यायची. तुरुंगाने ठाण्याला कळवलं, ठाण्याने पाटलाला आणि आम्हाला. मरणानंतर आठ दिवसांत कागद माझ्या टेबलावर होता. नाव कमी करावे. मी तांबड्या शाईने रेघ मारली आणि शेजारी तारीख घातली. अक्षर नेहमीसारखंच आलं.

शेवंता त्याआधीच गाव सोडून गेली होती. कोणी म्हणालं मोगलाईत भावाकडे, कोणी म्हणालं पाथर्डीच्या डोंगराकडे. तिचं नाव यादीत नव्हतं, बायकांची नावं सहसा नसत. त्यामुळे तिची खबर कुठल्याच कागदावरून आली नाही. नवरा गेल्याचं तिला कोणी कळवलं का, हेही मला माहीत नाही.

स्वातंत्र्य आलं. पुढे तो जमातीचा कायदाही गेला. ठाण्यातून निरोप आला की याद्या आता ठेवायच्या नाहीत, म्हणून मी त्या गठ्ठा बांधून परत पाठवल्या. माझी बदली झाली, बढती झाली, मुलगी शिकली, मास्तरीण झाली.

खतिजाने ती गोष्ट कधी सोडली नाही. आमच्याकडे कोणी नवं माणूस आलं की जेवताना ती सांगायची — आमच्या यांनी एका पारध्यासाठी कोर्टात उभं राहून साक्ष दिली, सरकारी नोकरी असताना. मी ताटात बघायचो. लोकांना वाटायचं, किती नम्र आहे. आपल्या मुलीला तिने हे इतक्यांदा सांगितलं की मुलगी ते वर्गात मुलांना सांगू लागली. मी एकदा तिच्या शाळेत गेलो होतो, तेव्हा तिच्या हेडमास्तरांनी उठून माझा हात हातात घेतला. तेव्हा सांगता आलं असतं. मी हात काढून घेतला नाही.

शेवटच्या आजारात खतिजा बरेच दिवस अंथरुणाला होती. मीच तिची पथ्यं सांभाळायचो, औषध द्यायचो. एका दुपारी ती अगदी शुद्धीवर होती. म्हणाली, "तुम्हाला माझा कधी राग आला असेल. मला तुमचा कधीच आला नाही. त्या पारध्याच्या वेळी तुम्ही जे केलं, तेव्हापासून नाही." मुलगी पायाशी बसली होती. मी दोघींकडे पाहिलं आणि औषधाचा चमचा धुवायला आत गेलो. तो बराच वेळ धूत राहिलो.

ती तीन दिवसांनी गेली. तिला जाऊन सहा वर्षं झाली.

मुलगी अजून वर्गात ती गोष्ट सांगते. मी तिला थांबवलेलं नाही. शेवंता जिवंत असेल तर माझ्याच वयाची असेल. कुठे असेल, ते मला माहीत नाही, कारण मी कधी कोणाला विचारलं नाही.